थायरॉइडची गोळी: काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर परत परत येणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि गेली १३ वर्षं स्वतःही हीच गोळी खातेय. रोज कोणीतरी डबी घेता घेता काउंटरवर कोपर टेकवून "मॅडम एक विचारू का" म्हणतं, उरलेले रात्री साडेदहाला मेसेज टाकतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, डोस ठरवणं माझं काम नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण एक बघितलंय, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला मुख्य आकडा) हलला की लोक आधी कंपनीवर संशय घेतात, मग लॅबवर, मग गोळीवर, आणि गडबड बहुतेक वेळा निघते सकाळच्या पहिल्या पाऊण तासात.

१. माझा थायरॉइड वाढलाय असं रिपोर्टमध्ये आलंय, मग तो कमी करायची गोळी आहे का ही?

उलट आहे. वाढलाय तो टीएसएच, थायरॉइड कमी पडतोय. टीएसएच मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो आणि गळ्यातल्या थायरॉइडला सांगतो की बाबा हार्मोन बनव. सोसायटीच्या टाकीत पाणी कमी झालं की सेक्रेटरीचे ग्रुपवर मेसेज कसे वाढतात, तसं. मेसेज जास्त म्हणजे पाणी कमी. गोळीत असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४, तुमची ग्रंथी जे बनवते तेच. शरीर त्यातून गरजेप्रमाणे टी-३ करून घेतं. बाहेरून पुरवठा नीट सुरू झाला की मेसेज आपोआप कमी होतात. आपल्याकडे मीठ आयोडीनचं असल्यामुळे मोठ्या माणसांत बऱ्याचदा कारण असतं हाशिमोटो, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव.

२. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही वेगळी औषधं आहेत का? दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर चालेल का?

औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन, कंपन्या वेगळ्या. अमुक चांगली तमुक वाईट असं नाही, पण एक लागू पडली की तीच धरून ठेवा. या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्यामुळे कंपनी बदलल्यावर थोडासा फरकही काही जणांच्या रिपोर्टमध्ये दिसतो. बदलावीच लागली तर घाबरू नका, फक्त ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी घेणाऱ्यांनाही हेच, चालते, पण मग तीच चालू ठेवा, एक महिना ही एक महिना ती असं नको.

डबी हातात आली की दोन गोष्टी दुकानातच बघा. एक म्हणजे औषधाचं नाव, कारण थायरॉक्स आणि थायरोकॅब ऐकायला सारखे वाटतात पण थायरोकॅब म्हणजे कार्बिमाझोल, जे थायरॉइड जास्त असणाऱ्यांना देतात, एकदम उलटं औषध. दुसरं म्हणजे आकडा. १२.५ आणि १२५ मध्ये फक्त एक टिंब आहे आणि डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला माहितीच आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला तोंडाने विचारते, "साडेबारा की सव्वाशे?"

३. ही स्टिरॉइड आहे का? सवय लागते का?

नाही आणि नाही. आयुष्यभर घ्यावी लागते ती शरीरात कमी आहे म्हणून. चष्मा लागला म्हणजे चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही.

४. रिकाम्या पोटी म्हणजे नक्की किती रिकाम्या? चहा तर चालतो ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त खोटं उत्तरही यालाच मिळतं. गोळी उठल्यावर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि मग किमान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, कोमट पाण्यात लिंबू-मध नाही, भिजवलेले बदाम नाही. लोक म्हणतात मॅडम चहा म्हणजे काय खाणं आहे का, पण आपल्या चहात दूध असतं, दुधात कॅल्शियम, आणि कॉफी तर कोरी असली तरी गोळी शोषली जाण्यात आड येते. गोळी घशाखाली उतरते हो, पण आतड्यातून रक्तात किती जाते त्यावर सगळं आहे. चांगल्या रिकाम्या पोटीसुद्धा ७०–८० टक्केच जाते, त्यात चहाबरोबर घेतली की अजून घट.

माझंच सांगते. मुलगा दहावीला होता तेव्हा पहाटे उठून त्याचा क्लासचा डबा, नवऱ्याचा डबा, त्या धांदलीत मी गोळी ओट्यावरच ठेवायचे आणि चहाचा पहिला घोट घेताना तोंडात टाकायचे, सहा महिने हेच, आणि टीएसएच गेला ९ च्या वर. दिवसभर लोकांना सांगणारी मी! डॉक्टरांनी डोस वाढवायला पेन उचललं तेव्हा मीच म्हटलं थांबा दोन महिने द्या, चहा लांब केला, पुढचा रिपोर्ट नॉर्मल. डोस तोच होता.

आणि अगदीच जमत नसेल, चहाशिवाय डोळेच उघडत नसतील, तर निदान रोज सारखंच करा. आज चहाबरोबर, उद्या तासभर आधी, परवा नाश्त्यानंतर असं झालं की डॉक्टरांना डोस बसवताच येत नाही.

५. मी सहाची लोकल पकडते, सकाळी अर्धा तास कुठून आणू? आणि माझा भाऊ ऐरोलीला नाइट शिफ्टला आहे, त्याची सकाळ कुठली धरायची?

रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त शेवटच्या खाण्यानंतर किमान ३ तास झालेले हवेत. म्हणजे साडेआठला जेवलात आणि साडेअकराला झोपलात तर उत्तम, पण साडेदहाला घरी पोचून अकराला जेवून आडवे होणाऱ्यांना हे जमणार नाही. रात्रीचं हळदीचं दूधही त्या ३ तासांत धरायचं. सकाळच करायची असेल तर माझी एक गिऱ्हाईक ताई करते तसं करा, गोळी उशाशी पाण्याच्या बाटलीजवळ, अलार्म वाजला की डोळे मिटलेले असतानाच घेऊन टाकायची, मग आंघोळ, डबा, स्टेशन, आणि चहा ऑफिसात.

भावासाठी सकाळ-रात्र विसरा. झोपून उठल्यावर, पोट रिकामं असताना, मग दुपारचे तीन का असेनात. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर त्याला "झोपेतून उठलो की गोळी" हा एकच नियम पुरतो.

६. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्याही चालू आहेत, सगळ्या एकदम घेतल्या तर काय होतं?

त्या पोटातच हिला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये ४ तास हवेत. थायरॉइडची सकाळी, लोहाची दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री, अशी सरळ वाटणी करा. जे प्रश्न ५ प्रमाणे थायरॉइडची रात्री घेतात त्यांनी कॅल्शियम सकाळी नाश्त्याला सरकवावं. मल्टिव्हिटामिनमध्येही लोह-कॅल्शियम असतं हे लोक विसरतात. ॲसिडिटीची पातळ औषधं, जेलवाली, त्यांनाही ४ तास. पँटोप्राझोल-ओमेप्राझोल वेगळी, ती पोटातलं ॲसिडच कमी करतात त्यामुळे वेळ लांबवून उपयोग नाही, ती महिनोन्‌महिने चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, टीएसएच बघून डोस बदलावा लागू शकतो.

७. गोळी विसरले. आता?

त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामं असेल तेव्हा घ्या. हे औषध शरीरातून हळूहळू जातं, निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, म्हणून एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन घ्यायच्या का? हृदयाचा त्रास नसलेल्या तरुण माणसाला बरेच डॉक्टर हो म्हणतात, पण वय झालेल्यांनी आणि हार्ट पेशंटनी स्वतःच्या मनाने दोन घेऊ नयेत. आठवड्यातून दोन-तीनदा विसरत असाल तर तो विसराळूपणा नाही, जागा चुकलीय, डबी टूथब्रशजवळ ठेवा.

८. चतुर्थीला, नवरात्रात उपवास असतो, गोळीने उपवास मोडतो का?

बहुतेक उपवासात पाणी चालतंच, मग गोळीही चालते, आणि त्या दिवशी पोट आयतं रिकामं असतं. फक्त गोळीच्या पाठोपाठ लगेच दूध-केळं नको. पाणीही न घेता निर्जळी करणाऱ्यांनी, रोजे ठेवणाऱ्यांनी रात्री झोपताना (प्रश्न ५ चा ३ तासांचा हिशोब धरून) किंवा पहाटे खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. महिनाभराचा बदल असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा.

९. पंधरा दिवस झाले, अजून थकवा जात नाही. गोळी लागू पडत नाहीये का?

थोडं थांबा. प्रश्न ७ मध्ये सांगितलं तसं औषध हळू जातं, तसंच ते हळूच साठतं, पातळी स्थिर व्हायला ५–६ आठवडे लागतात. म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी करतात, त्याआधी केलात तर अर्धवट आकडा बघून उगाच घाबराल. डोस बसला की मग ६ महिन्यांनी, वर्षाने पुरतं. केस आणि त्वचा सगळ्यात शेवटी सुधारतात, काही महिने धरा. आणि टीएसएच नॉर्मल होऊन दोन-तीन महिने झाले तरी गळून गेल्यासारखं वाटत असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, डी, साखर आणि हो, झोप, हे बघा. कल्याण-सीएसटी रोज उभ्याने करणाऱ्याचा सगळा थकवा थायरॉइडच्या नावावर घालू नका.

१०. टेस्टच्या दिवशी गोळी घेऊन जायचं की न घेता?

रक्त देऊन मग घ्या. टीएसएचला फार फरक पडत नाही पण फ्री टी-४ (रक्तात मोकळा फिरणारा टी-४) गोळीनंतर काही तास चढलेला दिसतो. उपाशी राहणं थायरॉइडसाठी गरजेचं नाही, साखर-कोलेस्टेरॉल सोबत असेल तर त्याच्यासाठी असतं. टीएसएच दिवसात वर-खाली होतो, म्हणून दरवेळी साधारण त्याच वेळेला आणि जमलं तर त्याच लॅबला द्या.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाताय ना, त्या बऱ्याच लॅबच्या मशिनला फसवतात, टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. टेस्टच्या किमान २ दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर अजून आधी.

११. रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू ना?

नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली तर लगेच काही वाटणार नाही, आणि घोळ तिथेच होतो, महिन्याभरात माणूस म्हणतो बघा मला गरजच नव्हती, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चेहरा सुजलेला, पोट साफ नाही, पाळी बिघडलेली.

पण सगळ्यांनाच जन्मभर लागते असंही नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचा थायरॉइड बिघडतो आणि परत सुधारतो. काहींना एकाच काठावरच्या रिपोर्टवर सुरू केलेली असते (पुढचा प्रश्न बघा). अशा वेळी डॉक्टर स्वतः कमी करत करत बंद करून बघतात, मध्ये टेस्ट करून.

१२. सासूबाई ७२ वर्षांच्या, टीएसएच ६.८, टी-४ नॉर्मल, त्रास काही नाही. गोळी सुरू करावी का?

आधी २–३ महिन्यांनी परत टेस्ट, कारण तापानंतर, आजारपणानंतर तो तात्पुरता चढतो. टी-४ नॉर्मल आणि टीएसएच १० च्या आत, हा काठावरचा प्रकार, आणि वयाबरोबर टीएसएच तसाही थोडा वर सरकतो. २०१७ मध्ये युरोपातला एक अभ्यास आला होता, ६५ वर्षांवरचे ७३७ लोक, असाच काठावरचा थायरॉइड, अर्ध्यांना गोळी अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, टीएसएच उतरला पण थकव्यात आणि इतर त्रासात फरक काही नाही. त्यामुळे डॉक्टर "नुसतं लक्ष ठेवू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. टीएसएच १० च्या वर, किंवा प्रेग्नन्सी, किंवा अँटिबॉडी (हाशिमोटोची खूण) पॉझिटिव्ह आणि त्रासही आहे, तिथे गणित वेगळं. आणि वयस्कर माणसाला सुरू केलीच तर साडेबारा किंवा २५ पासून, हळूहळू.

१३. गोळी चालू केली पण वजन उतरत नाही.

राग येईल, पण सांगते. कमी थायरॉइडमुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, त्यातलंही बरंचसं अंगात धरलेलं पाणी आणि मीठ. तेवढं उतरतं. बाकीचे बारा किलो वडापावचे, बैठ्या कामाचे. वजनासाठी म्हणून मनानेच डोस वाढवणारे भेटतात मला, तसं करू नका, का ते प्रश्न १७ मध्ये.

१४. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायचं का? सैंधव चालेल?

शिजवलेला कोबी बिनधास्त खा. किलोभर कच्चा कोबी रोज कोणी खात नाही. सोयाबीन चालतं, फक्त गोळीपासून काही तास लांब आणि अचानक रोजचं सुरू करू नका. मीठ साधं आयोडीनचंच ठेवा, सैंधवात ते पुरेसं नसतं. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल वगैरे मात्र नको, आयोडीन अति झालं तरी थायरॉइड बिघडतो.

१५. गोळी चालू आहे आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. गोळी बाळाला वाईट ना?

बंद करू नका, हे सगळ्यात आधी! सुरुवातीचे तीन महिने बाळाचा स्वतःचा थायरॉइड कामाला लागलेला नसतो, ते आईच्याच हार्मोनवर असतं, मेंदू त्याच काळात घडत असतो. गरज उलट वाढते, साधारण पाव ते एक तृतीयांशाने. म्हणून सोनोग्राफीची वाट न बघता पॉझिटिव्ह आलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बरेच डॉक्टर आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या करायला सांगतात आणि टेस्ट लगेच लावतात, मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच, साधारण २.५ च्या आत ठेवायला बघतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लोह-कॅल्शियम सुरू होतं आणि तिथे हमखास सगळ्या गोळ्या एकत्र होतात, प्रश्न ६ परत वाचा. बाळंतपणानंतर डोस बहुतेक जुन्यावर येतो आणि ६ आठवड्यांनी टेस्ट. अंगावर पाजताना गोळी चालते.

१६. रोज न चुकता घेते, चहा पण लांब, तरी टीएसएच चढतोय. का?

मग बाकीची औषधं मांडून बघा. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही हार्मोन लवकर संपवतात. इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गरज वाढते. वजन बरंच वाढलं तरी डोस कमी पडतो, ग्रंथी अगदी बंद असेल तर हिशोब साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला शंभरच्या आसपास. त्याहून खूप जास्त डोस लागत असेल तर पोटाकडे बघायला हवं, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक, पोटातला एच. पायलोरी जंतू, यात शोषणच होत नाही. आणि डबी कुठे ठेवता? (प्रश्न १९)

१७. टीएसएच ०.०५ आलाय, छान कमी झालाय ना?

जास्तच कमी. म्हणजे गोळी जास्त होतेय. धडधड, हात कापणं, घाम, झोप नाही, आणि बरीच वर्षं तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ आणि वयस्करांत हृदयाचे ठोके अनियमित. छातीत दुखत असेल, धडधड थांबत नसेल तर मेसेज टाकत बसू नका, दवाखान्यात जा.

अपवाद दोन. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काहींचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात. आणि ज्यांची पिट्यूटरीच बिघडलीय त्यांच्यात टीएसएच बघून काही कळतच नाही, सेक्रेटरीचाच फोन बंद, तिथे फ्री टी-४ वर डोस ठरतो. अशा लोकांचा रिपोर्ट फॅमिली डॉक्टरने किंवा शेजारच्या काकूंनी बघून गोळी कमी करायला सांगितली तर ऐकू नका, ज्यांनी सुरू केली त्यांनाच विचारा.

१८. आम्ही शुद्ध शाकाहारी, ही गोळी प्राण्यांपासून करतात का?

आता नाही, यातलं हार्मोन कारखान्यात रसायनांपासून बनतं. पूर्वी मात्र करायचे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला दिला आणि ती त्यावर पुढे २८ वर्षं जगली. थायरॉक्सिन वेगळं काढलं ते अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने १९१४ च्या नाताळच्या दिवशी, आणि प्रयोगशाळेत तयार झालं १९२७ मध्ये. "नॅचरल थायरॉइड" म्हणून परदेशातून मागवतात ती डुकराच्या ग्रंथीची असते, तेवढं लक्षात ठेवा.

१९. डबी फ्रिजमध्ये ठेवू का? मे महिन्यात तर घर तापतं.

लेबलवर जे तापमान लिहिलंय ते बघा. फ्रिजची सहसा गरज नाही, पण ऊन, उष्णता आणि दमट हवा तिन्ही हिला सोसत नाहीत, आणि आपल्याकडे तिन्ही आहेत. गॅसजवळचं शेल्फ नको, फ्रिजच्या वर नको (तिथे गरम असतं), बाथरूमचं कपाट नको. मूळ डबीतच ठेवा, आतली छोटी पुडी फेकू नका, पावसाळ्यात झाकण घट्ट. गणपतीला गावी जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली डबी परत वापरू नका.

२०. नवजात बाळाला दिलीय, एवढीशी गोळी पाजायची कशी?

चमच्यात चुरडून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात, आणि लगेच पाजायची, करून ठेवायची नाही. पूर्ण बाटलीत मिसळू नका, बाळाने अर्धी सोडली की किती गेली कळत नाही. सोयाचं दूध नको. उलटी लगेच झाली तर परत द्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. बाळांचा डोस वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतो, दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम, त्यामुळे आजी म्हणाली "एवढ्या पिल्लाला एवढी?" तरी कमी करू नका.

२१. ऑपरेशन आहे, रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलंय. गोळी घ्यायची?

बहुतेक भूलतज्ज्ञ घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, पण विचारूनच घ्या, आणि थायरॉइड आहे हे त्यांना आधी सांगा, शेवटचा टीएसएच रिपोर्ट फाइलला लावा. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस तोंडाने काही चाललं नाही तरी घाबरायचं कारण नाही, ७ दिवसांचा हिशोब वर दिलाच आहे. फक्त डिस्चार्जच्या कागदावर ही गोळी परत लिहिलीय ना ते बघा, नवीन औषधांच्या यादीत जुनी गोळी राहून जाते आणि लोकांना वाटतं ती बंदच केली.